फितरा कुणाला चालत नाही

३ रमजान

गिरणीवाल्या खालास,

सलाम. तुझा गुडघा आणि गिरणीचा पट्टा, दोन्ही कुरकुर न करता चालले असतील अशी आशा करतो. इथे रोजे बरे चालले आहेत. रुग्णालयाच्या सहाही लिफ्टांची देखभाल यंदा माझ्याकडे आहे, त्यामुळे दिवस कसा जातो ते कळत नाही. काल दोन डॉक्टर आणि एक खाट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली होती. खाटेवरचा रुग्ण सोडून बाकी सगळे ओरडत होते.

पत्राचं कारण असं, की नेहमीच्या ट्रकवाल्याबरोबर तुझ्याकडे गव्हाचं एक पोतं पाठवलं आहे. आमचा यंदाचा फितरा, ईदआधी गरजूला द्यायचं धान्य. माझा, हिचा आणि दोन्ही पोरांचा. मी राहतो त्या वस्तीत सगळे देणारेच आहेत, घेणारा शोधायला कंदील घेऊन फिरावं लागतं. म्हटलं, आपल्या जुन्या गल्लीतच जाऊ दे.

तुला वाटेल, काल शेंबूड पुसणारा हा पोरगा मला काय शिकवतो! पण मी इथे शुक्रवारच्या अभ्यासवर्गाला बसतो आणि तिथे बसल्यावर कळलं की आपण निम्म्या गोष्टी नुसत्या सवयीने करत आलो. म्हणून लिहितोच. फितरा ईदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे. नमाजानंतर दिला तर ते साधं दान झालं, फितरा नव्हे. घरातल्या प्रत्येक जिवामागे एक माप, मग तो जीव कालच जन्मलेला का असेना. घेणारा खरोखर अडलेला हवा. आणि आपला फितरा आपल्याच आईबापाला, आजीआजोबांना किंवा मुलानातवंडांना चालत नाही. भावाबहिणीला चालतो. मला त्याची चिंता नाही म्हणा. अम्मी भाईजानच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून हुकूम सोडते आहे, तिला कशाची कमी? आणि भाईजानचं म्हणशील तर त्याच्याशी माझं बोलणं नाही, कारण तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात सासरच्या मंडळींसमोर त्याने मला जे झापलं ते अजून कानात आहे, आणि पुढे ईदला भेटलो तेव्हाही भांडणच झालं. असो. रोजा आहे, जास्त लिहीत नाही.

चारही वाटे एकाच घरी दे. कुणी दिलं ते त्यांना सांगू नकोस, कुणाला दिलं ते मला सांगू नकोस. हा फितरा आहे असंही तोंडाने म्हणायची गरज नसते, भेट म्हणून दिला तरी चालतो. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. मला फक्त एका शब्दात कळव, पोचलं म्हणून.

तुझा बारक्या


११ रमजान

बारक्या बेटा,

एका शब्दात नाही जमणार. आधी बस. लिफ्टमध्ये असशील तर बाहेर ये आणि मग बस.

मला फितरा शिकवतोस, मुफ्तीसाहेब? तुला दात येत होते तेव्हापासून मी या गल्लीचा फितरा माझ्या काट्यावर मोजते आहे. पण तुझी थट्टा करायला लिहायला बसले नाही. अक्षर वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, तूच नीट वाच.

आपल्या गल्लीत यंदा कुणी तसं अडलेलं नव्हतं. फितरा गोळा करणाऱ्या बायकांना विचारलं, तर म्हणाल्या, पुलापलीकडे शर्टांच्या कारखान्यामागे एक बाई एकटीच राहते. शर्टांना काज आणि बटणं करून देते. कुणाकडे काही मागत नाही, कुणाला घरात घेत नाही. मागच्या रमजानात दोनदा चक्कर येऊन पडली म्हणे. म्हटलं, हेच घर. दुपारी सगळं सामसूम असतं तेव्हा हातगाडीवर पोतं टाकून गेले. मशिदीतले पेशइमामसाहेब म्हणतात, ईदची वाट बघायला नको, आधी दिला तरी चालतो.

कारखान्याच्या मागे बोळ आहे, बोळाच्या टोकाला खोली. दार ठोठावलं. आतून आवाज आला, "कापड बाहेरच ठेवा, उद्या देते."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी दार ढकललं. खिडकीपाशी जमिनीवर बसून, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला, मांडीवर शर्ट घेऊन सुईत दोरा ओवत होती. बारक्या, तुझी अम्मी.

मी म्हातारी झाले असेन, पण माझे डोळे शाबूत आहेत. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाडं दळणारी! इतक्या वर्षांनी आलीस ती पोतं घेऊन?"

तुला ते भांडण आठवत नसेल. तिने चारचौघींत माझ्या पिठाला जाडं म्हटलं होतं. मी म्हटलं, मग बघा दुसरी गिरणी. ती दुसऱ्या गिरणीत जाऊ लागली आणि मीही समजूत काढायला गेले नाही. तुमची जुनी इमारत पाडली, तुम्ही सगळे पांगलात, तेव्हासुद्धा मी निरोप द्यायला खाली उतरले नाही. मला वाटलं, गेली मोठ्या मुलाच्या मोठ्या घरात, आता कुठली ओळख देते!

खोली केवढी, तर तुझ्या एका लिफ्टपेक्षा थोडी मोठी. भिंतीला शर्टांचा ढीग, बाह्या लोंबताहेत. एक स्टोव्ह, एक चटई, एक डबा. मी बोलता बोलता डबा सरकवला. गिरणीवालीला डब्यात पीठ किती आहे ते झाकण न उघडता कळतं. त्या डब्यात मूठभरही पीठ नव्हतं.

"मोठ्या पोराने काढलं का तुला?" मी विचारलं.

"छे गं. मीच हौसेने आले. रिकामं बसवत नाही."

"आणि चक्कर येऊन पडतेस तीसुद्धा हौसेने?"

त्यावर ती हसली. दोन दात गेले आहेत तिचे. मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की पोरांना कळवायचं नाही. मी शपथ घेतली आणि आता मोडते आहे. शपथ मोडली तर दहा गरजूंना जेवू घालायचं असतं, ते मी घालीन. हे पोटात ठेवलं असतं तर मला रोजासुद्धा पचला नसता.

घरी आले तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. पोतं तिथेच राहिलं होतं! तुझा फितरा, तुझ्याच अम्मीच्या दारात. मी तशीच पेशइमामसाहेबांकडे गेले, नावगाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, न ओळखता दिलं गेलं असतं तर त्यावर वेगवेगळी मतं आहेत, पण तुम्ही तर ओळखून ठेवून आलात. मुलाचा फितरा आईला लागू होत नाही. आईला जेवू घालणं हे त्याचं दान नाही, ती त्याची जबाबदारी आहे, तिने मागायच्या आधीची.

ते पोतं मी तिच्याकडून परत आणणार नाही, कुणी सांगितलं तरी. ते माझ्याकडून तिला भेट. तेवढाच गहू माझ्या कोठीतून तुझ्या नावाने दुसऱ्या घरी देते. पण तुझं हो आल्याशिवाय ते तुझ्या नावावर पडणार नाही. तेव्हा ईदच्या आत हो कळव. आणि बारक्या, तुझ्या भावाला विचार, तो करतो काय?

तुझी खाला


१५ रमजान

खालास,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसलो. मग पुन्हा वाचलं आणि मला राग आला. लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण स्पष्ट लिहितो. तुझी काहीतरी चूक झाली आहे.

अम्मीचं पत्र मला गेल्याच आठवड्यात आलं आहे. तिच्या हातचं. ती लिहिते, गॅलरीतल्या वेलाला यंदा खूप फुलं आली, भाभी तिला भांड्याला हात लावू देत नाही, भाईजानच्या धाकटीला दंगा करायला दुपारचीच वेळ सापडते आणि तिची झोपमोड होते. हे सगळं काय ती कारखान्यामागच्या बोळात बसून लिहिते? अम्मीला कधी कुणी खोटं बोलताना पकडलं आहे का? मी लहानपणी चोरून खाल्लेली साखर शेजारीण विचारायला आली तर अम्मी माझा कान धरून मला तिच्यासमोर उभं करायची.

तू तिला इतक्या वर्षांनी बघितलंस. अंधारी खोली, चष्मा लावलेली वयस्कर बाई. आवाज सारखा असू शकतो. ती तुला जाडं दळणारी म्हणाली असं तू लिहितेस, पण खाला, रागावू नकोस, तुझं पीठ जाडं आहे हे अर्ध्या शहराला माहीत आहे. आणि त्या जुन्या भांडणामुळे तुला आमच्या घराबद्दल वाईट ऐकायला बरं वाटत असेल तर तेही मी समजू शकतो.

दुसरं पोतं देऊ नकोस. दिलं आहे ते बरोबर दारी गेलं आहे. मी हो म्हणणार नाही, कारण हो म्हणणं म्हणजे ती माझी अम्मी आहे हे मान्य करणं.

तरी मनात किडा नको म्हणून भाईजानला आज चार ओळी लिहिल्या आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा. कसं लिहिलं ते माझं मलाच माहीत. विचारलं आहे, अम्मी तुझ्याकडे नीट आहे ना, आणि नसेल तर मी तुला सोडणार नाही.

बारक्या


१८ रमजान

धाकट्या भावास,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघून मला आधी वाटलं, काही बरंवाईट झालं. वाचल्यावर मात्र ही कसली थट्टा ते कळेना. पवित्र महिन्यात आईच्या नावाने असली थट्टा करणं तुला शोभत नाही.

अम्मी तुझ्याकडे आहे. जवळजवळ दोन वर्षं झाली. तू त्या ईदला आलास आणि जिन्यात आपलं जे काही झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती म्हणाली, मला धाकट्याकडे जायचं आहे, त्याची मुलं लहान आहेत, त्यांना माझी गरज आहे. मी अडवलं नाही. मी स्वतः तिला बसस्थानकावर नेलं. खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली हातात दिली. बस सुटेपर्यंत उभा होतो. तिने हातही हलवला.

नंतर तिचं पत्र आलं, की पोचले, सगळे मजेत आहेत, धाकट्याला लिफ्टच्या कामातून वेळ मिळत नाही म्हणून तो लिहीत नाही. अधूनमधून अशी पत्रं येतात. तुझ्या मुलीला ताप आला होता ते मला तिच्याच पत्रातून कळलं. मी तिला उत्तर लिहिलं नाही, हे खरं आहे. तुझ्या पत्त्यावर लिहायचं म्हणजे तुझ्या दारात येण्यासारखं वाटत होतं.

तू विचारतोस, अम्मी माझ्याकडे नीट आहे ना. मी हे वाक्य तुझ्या भाभीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. आम्ही दोघं जेवणाच्या मेजापाशी नुसते बसून आहोत.

अम्मी तुझ्याकडे नाही का?

तुझा मोठा भाऊ


२१ रमजान

खाला,

तू बरोबर होतीस. मी तुला जे जे लिहिलं ते सगळं परत घेतो. तुझ्या पिठाबद्दल लिहिलेलंसुद्धा.

भाईजानला वाटत होतं अम्मी माझ्याकडे आहे. मला वाटत होतं ती भाईजानकडे आहे. त्याचं पत्र वाचलं तेव्हा मी चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या खोलीत होतो. माझ्या हातून पाना निसटला आणि लिफ्टच्या पोकळीतून खाली गेला. आवाज आला तेव्हा मी भानावर आलो. खाली कुणी नव्हतं, नशीब.

मी अम्मीची सगळी पत्रं काढून बसलो. ती दर पत्रात माझ्या पोरांची खुशाली विचारते, मी सविस्तर लिहितो, आणि तीच खुशाली ती भाईजानला आमच्या घरातून लिहिल्यासारखी लिहीत होती. त्याच्या घरातलं तिला आधीच माहीत होतं, वेल, धाकटीचा दंगा, ते मला लिहीत होती. आणि पत्ता! तिने दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, भाईजानच्या जिन्यात पोस्टमन चढत नाही, माझी पत्रं एका ओळखीच्या शिवणकामाच्या कारखान्यावर पाठव. मी दोन वर्षं माझ्या हाताने पाकिटावर शर्टांच्या कारखान्याचा पत्ता लिहिला. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की तिसऱ्या मजल्यावर राणीसारख्या राहणाऱ्या बाईची पत्रं कारखान्यात का जातात?

अजून एक गोष्ट आठवली. मी फितऱ्याचे चार वाटे पाठवले. घरातल्या प्रत्येक जिवामागे एक माप, असं तुलाच ऐटीत लिहिलं. अम्मीचं माप भाईजान काढत असेल असं मी धरून चाललो. मी काल तारेने भाईजानला तेवढंच विचारलं. त्याचं उत्तर आलं, त्याला वाटत होतं मी काढतो. खाला, दोन वर्षं दोन घरांत जिवांची मोजणी झाली आणि अम्मी एकाही घरात मोजली गेली नाही.

हो. दुसऱ्या घरी गहू दे, माझ्या नावाने. हो, ती माझी अम्मी आहे. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

रजा मागितली आहे, ईदच्या आधी मिळेल. तोवर तिच्याकडे जात राहा, ती कितीही टाकून बोलली तरी. भाईजानला तिचा पत्ता कळवला आहे. सोबतची चिठ्ठी तिच्या हातात दे. तीत एवढंच आहे, की मी न्यायला येतो आहे. पण एक मला समजत नाही आणि ते समजल्याशिवाय झोप येत नाही. तिने असं का केलं? आम्ही दोघांनी कधी नाही म्हटलं होतं तिला?

बारक्या


२५ रमजान

माझ्या दोन्ही मुलांस,

हे पत्र मी दोनदा लिहिते आहे, एक मोठ्यासाठी, एक धाकट्यासाठी. शब्दाला शब्द तोच आहे. पुढेमागे ताडून बघा. ताडून बघायची सवय तुम्हाला आता लागली असेल.

पहिली बातमी अशी, की मी धडधाकट आहे. गिरणीवाली रोज संध्याकाळी येऊन रोजा माझ्याबरोबर सोडते आणि माझ्या डोळ्यांदेखत मला खायला लावते. पीठ अजून जाडंच दळते, पण आता मी ते मनातल्या मनात म्हणते. शपथ मोडल्याबद्दल मी तिला खूप बोलले. ती म्हणाली, दहा माणसं जेवू घातली, फिटली. तिच्यापुढे कुणाचं चाललं आहे?

मोठा येऊन गेला. दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला, कारखान्यातल्या बायका सुया खाली ठेवून बघत बसल्या. त्याला पाणी घे म्हणायचीही सोय नाही, रोजा. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता चल. मी त्याला परत पाठवला. धाकट्याची चिठ्ठी आली, न्यायला येतो म्हणून. त्यालाही तेच सांगते. मी अशी जाणार नाही. का ते वाचा.

त्या ईदच्या दिवशी तुम्ही दोघं जिन्यात भांडत होतात. तुम्हाला वाटलं, आवाज आत येत नाही. मी कप विसळत होते, नळ बंद केला. मोठा म्हणाला, माझ्याकडे तिला बरीच वर्षं झाली, आता तुझी पाळी. धाकटा म्हणाला, माझी जागा लहान आहे, बायकोला जमायचं नाही, तूच ठेव, तू मोठा आहेस. मग मोठा म्हणाला, लिहून दे तसं. मी तिथे किती वेळ उभी होते मला आठवत नाही. धाकट्या, तू खालाला विचारतोस, आम्ही कधी नाही म्हटलं होतं का? दोघांनी म्हटलंत रे. माझ्या तोंडावर नाही, एवढंच.

मी रागावले नव्हते, हे तुम्हाला खोटं वाटेल. मला धक्का बसला होता. माणूस आपल्याच घरात चोरासारखा उभा राहून आपलाच लिलाव ऐकतो, आणि बोली कुणीच लावत नाही. मनाशी म्हटलं, चला, दोघांची सुटका करू. मोठ्याने बसमध्ये बसवलं, त्याला हात हलवून दाखवला आणि पुढच्याच थांब्यावर मी उतरले. कंडक्टर म्हणाला, आजी, तिकीट लांबचं आहे. मी म्हटलं, मळमळतंय, बाबा. त्याने माझी पिशवी खाली काढून दिली. लग्नाआधी मी काज करायची, हात विसरलेले नव्हते. कारखान्याच्या मालकिणीने एक शर्ट करून बघायला दिला आणि बोट न टोचता केला म्हणून ठेवून घेतलं.

पहिल्या वर्षी ईदला माझ्याकडे त्या दिवसाच्या जेवणापलीकडे काही उरत नव्हतं. म्हणजे फितरा माझ्यावर लागूच नव्हता. धाकटा मुफ्ती आहे, त्याला विचारा. जन्मल्यापासून माझ्या नावाचं माप कुणी ना कुणी काढत आलं. आधी माझ्या अब्बांनी, मग तुमच्या अब्बांनी, मग मीच, तुमच्या मापांबरोबर. त्या वर्षी पहिल्यांदा कुणीच काढलं नाही. मला फार लागलं ते. त्या ईदला मी दार लावून बसले. उपाशी राहण्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण ते वाटलं.

यंदा खालाने पोतं आणलं, कुणाचं ते सांगितलं नव्हतं. नंतर सांगितलं तेव्हा मी हसले. हसू अशासाठी, की बारक्याचा फितरा फुकट गेला. पण त्या पोत्यामुळे माझ्याकडे उरलं, म्हणून यंदा तो माझ्यावर लागू झाला. मी माप भरून शेजारच्या खोलीतल्या बटणं लावणारीच्या घरी दिलं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने. तेव्हा तुम्ही दोघांनी माझं माप काढायची धावपळ करू नका.

ईदनंतर मी गिरणीच्या माळ्यावर राहायला जाते आहे, खालाबरोबर. ती खाली दळेल, मी वर काज करीन आणि दोघी दिवसभर भांडू. ठरलं आहे. तुमच्यापैकी कुणाच्याही घरी पाहुणी म्हणून येईन. पाळी म्हणून येणार नाही.

आणि पत्रांचं म्हणाल, तर खोटं लिहिताना पहिल्यांदा माझा हात आखडला होता. वाटलं, आठवड्याभरात उघडं पडेल. किती सोपं होतं ते! मोठ्याने धाकट्याला एक ओळ लिहायची, अम्मी पोचली का? किंवा धाकट्याने मोठ्याला, अम्मीचा खोकला थांबला का? एक ओळ. तुमच्यापैकी एकानेही ती लिहिली असती तर मी त्याच दिवशी पकडली गेले असते. कारखान्यावर पोस्टमन आला, की मी सुई थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायची. मला वाटायचं, आज पकडली जाणार. मालकीण म्हणायची, आजी, कसली भीती वाटते? मी तिला खरं सांगितलं नाही. मला भीती वाटत नव्हती रे. मी वाट बघत होते.

ईदला या. नमाज झाल्यावर या, दोघं मिळून, एकाच वेळी. एकटा कुणी आला तर दार उघडणार नाही.

तुमची
अम्मी